‘उचल रे देवा’ आणि एक फॉर्म

ताई,

मी टोरंटोच्या शेजारी मिसिसागाला राहते. घरात पाच माणसं. नवरा, मी, पंधरा वर्षांची मुलगी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय ८१, मिरजेला शाळेत गणित शिकवायचे. नातीच्या जन्माच्या वेळी दोघं आले आणि मग इथलेच झाले. अण्णांचा प्रोस्टेटचा कॅन्सर आता हाडांत गेलाय. औषधं करून झाली. डॉक्टर ‘काही महिने’ म्हणतात.

मागच्या महिन्यात अण्णांनी मला, नवऱ्याला नाही, सांगितलं, “तो मेडचा फॉर्म छापून आण.” इथं डॉक्टरांच्या मदतीनं मरण मागता येतं, त्याला मेड म्हणतात. मी अजून छापलेला नाही. त्याआधी चार दिवस मी बहिणीशी फोनवर बोलताना म्हणाले होते, “अजून किती दिवस चालणार हे, माझ्यात जीव उरला नाही.” त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. आणि परवा कालनिर्णय बघितलं. मिरजेला ज्या चौकोनात ते दुधाचं माप लिहायचे, तिथं आता माझ्या रजा लिहिल्यात. एकूण अकरा.

नवरा म्हणतो, तो कागद घरात येणार नाही, विषय संपला. मिरजेला कळलं तर म्हणतील, सुनेनं सासऱ्याला सुई टोचून घालवलं. मी फॉर्म द्यावा का? हे माझ्यामुळे झालं का?

ता. क. मुलीनं विचारलं, “आजीपण असंच करणार का?” सासूबाई तिथंच भाजी निवडत होत्या, काही बोलल्या नाहीत. हल्ली त्या चार वाजताचा चहा मागत नाहीत. गुडघा दुखतो तेही सांगत नाहीत.

– एक सून



ताज्या कलमाकडे मी शेवटी येते. आधी फॉर्मचं उरकू, तो भाग सोपा आहे.

द्या. तुम्ही दिला नाहीत तर अण्णा डॉक्टरांकडे मागतील. तुमच्या ऑन्टारियो प्रांतात डॉक्टरांना स्वतःला हे करायचं नसलं तरी जो करतो त्याच्याकडे पाठवणं बंधनकारक आहे. म्हणजे काम व्हायचं ते होईलच, फक्त पुढचं अण्णा तुम्हाला सांगणार नाहीत. त्या फॉर्मवर साक्षीदाराची एक सही लागते, आणि ज्याला त्यांच्या मागं काही मिळायचं आहे त्याची ती चालत नाही. मुलाची चालणार नाही, तुमचीही बहुधा नाही. घरच्यांची परवानगी कुठल्याच रकान्यात विचारलेली नाही. ‘सुनेनं सही केली’ असं म्हणायची सोय कायद्यानं नातेवाइकांना ठेवलेलीच नाही, एवढं समाधान करून घ्या.

पुढं दोन स्वतंत्र डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जास्त शिकलेल्या आणि स्वतः औषध लिहून देऊ शकणाऱ्या परिचारिका, त्यांना तपासतील. ज्यांचं मरण जवळ आलंय त्यांच्यासाठीची दहा दिवस थांबायची अट २०२१ मध्ये काढली, हे खरं. पण अगदी इंजेक्शनच्या आधीही पुन्हा विचारतात आणि त्या घटकेलाही माणूस नाही म्हणू शकतो. सही झाली म्हणजे माणूस गेला असं मात्र धरून चालू नका. कॅनडात २०२३ मध्ये १९,६६० अर्ज नोंदले गेले. त्यातल्या १५,३४३ जणांनी मेड घेतलं. २,९०६ जण त्याआधीच आपल्या आजारानं गेले आणि ४९६ जणांनी अर्ज मागं घेतला. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९९७ पासून मरणाचं औषध स्वतः प्यायचा कायदा आहे. तिथं ज्यांना औषध लिहून दिलं जातं त्यातले सुमारे एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. बाटली कपाटात आहे एवढ्यावरच काहींना झोप लागते. अण्णांना कागद हवाय की मरण हवंय, हे कागद दिल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

आता, तुमच्यामुळे झालं का. ‘छे, अजिबात नाही’ असं लिहिणं मला सोपं होतं. एका वाक्यानं कुणी मरण मागत नाही. हाडांतला कॅन्सर काय असतो ते मी मुंबईत कॅन्सरच्या रुग्णालयात समाजसेविका म्हणून सव्वीस वर्षं जवळून बघितलंय. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते. पण ते वाक्य त्यांनी ऐकलं असेल, तर ते घरात पडलेलं आहे, आणि ज्यानं सांडलं त्यानंच पुसायचं असतं. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि स्पष्ट बोला. “अण्णा, त्या दिवशी मी फोनवर बोलले ते तुम्ही ऐकलंत. मी दमले होते. दमले म्हणून तुम्ही नको झालात असं नाही.” एवढंच. ‘तुम्ही मुळीच ओझं नाही’ असं मात्र म्हणू नका. गणिताच्या मास्तरांना ते पटणार नाही. त्यांच्याकडे अकरा रजांचा पुरावा आहे. त्यावर बोलायचंच तर सांगा, “यातल्या दोन रजा मी नुसती झोपायला घेतल्या होत्या, त्या वजा करा.” हिशेब तपासून मागणारी विद्यार्थिनी मास्तरांना कधीही आवडते.

माझी आजी कराडची. साठी उलटल्यापासून ती रोज दिवेलागणीला म्हणायची, “पांडुरंगा, उचल रे आता.” आणि माझी आई आतून ओरडायची, “आधी जेवून घ्या, मग जा.” एकोणीस वर्षं हे चाललं. आजी शेवटी ताप येऊन गेली. पांडुरंगानं अर्ज मंजूर केला असं कुणाच्याही मनात आलं नाही. लहानपणी मला तो नुसता विनोद वाटायचा. आता कळतं की आजी विठ्ठलाला विचारत होती आणि उत्तर सुनेकडून हवं होतं. ते रोज मिळत होतं, तेही पोळीसकट.

तुमच्या गावात २०१६ पासून, म्हणजे मेडचा कायदा आल्यापासून, त्याच वाक्याला फोन नंबर आहे. पांडुरंग ऐकून गप्प उभा राहायचा. ऑफिस ऐकलं की फाइल उघडतं. ऑफिसचा यात दोष नाही, त्यांचं काम ते करतात. पण म्हाताऱ्या माणसाच्या आणि घराच्या मधलं जे बोलणं होतं, त्यात तिसरा कुणीतरी बसला, आणि तो प्रत्येक शब्द शब्दशः घेतो. कायद्यामुळे घरात बदललं ते हे. मेडचे आकडे मोठे आहेत, २०२४ मध्ये १६,४९९, म्हणजे तिथल्या दर वीस मृत्यूंमागे साधारण एक. पण मला त्या विसातल्या एकापेक्षा उरलेल्या एकोणीस जणांचं जास्त वाटतं. पूर्वी म्हातारं माणूस जगत होतं कारण ते मेलं नव्हतं, दुसरं कारण कुणी मागत नव्हतं. आता ते जगतंय, कारण त्यानं फॉर्म भरलेला नाही. दोन्हीत फरक आहे आणि तो तुमच्या कालनिर्णयवर दिसतोय.

मेड घेणाऱ्यांना तिथं त्रासाची कारणं विचारून नोंदवतात. आवडीचं काही करता येत नाही, हे सगळ्यात वर असतं. पण मरण जवळ आलेल्यांमध्ये २०२३ साली जवळपास ४५ टक्के लोकांच्या नोंदीत घरच्यांवर किंवा सांभाळणाऱ्यांवर भार होतोय असंही होतं. कायद्याच्या दृष्टीनं त्यात गैर काही नाही. बाहेरून दबाव आला तर अर्ज बाद होतो. माणूस स्वतःच स्वतःला जड वाटायला लागला, तर तो त्याचा विचार धरला जातो. मला विचाराल तर, या दोहोंमधली भिंत आपल्या घरांत फार पातळ असते. सून चिडली नाही, मुलगा बोलला नाही, फक्त जेवणाचं ताट ठेवताना जरा आवाज झाला, तरी ऐकणाऱ्याला पुरतं.

म्हणून एक गोष्ट हट्टानं करा. अण्णांची तपासणी होईल तेव्हा व्यावसायिक मराठी दुभाषा मागा. तुम्ही नको, मुलगा नको, नात तर अजिबात नको. अण्णांचं इंग्रजी उत्तम असेल, तरी मागा. २०२३ च्या नोंदीत मेड घेणाऱ्यांपैकी ज्यांचा वंश कळला त्यातले सुमारे ९६ टक्के गोरे होते. समोरच्या डॉक्टरनं मराठी म्हातारा कदाचित पहिल्यांदाच ऐकलेला असेल. आपल्याकडे ‘तुम्हाला कशाला त्रास’ हे दुसरी पोळी घेतानाही म्हणतात. त्याचं इंग्रजी केलं की ते भलतंच गंभीर होतं. उलटही होऊ शकतं बरं का: अण्णांना खरोखर जायचं असेल आणि ते तुमच्यासमोर ‘बघू, देवाची इच्छा’ म्हणत राहतील. दोन्ही बाजूंनी नीट कळावं म्हणून परका माणूस बरा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारते. रात्री दुखण्याचं काय करतात? मॉर्फिन लिहून दिलंय आणि ‘सवय लागेल’ म्हणून ते अर्धीच गोळी घेतात, असं तर नाही ना? माझ्या सव्वीस वर्षांत हे मी इतक्या घरांत बघितलं की आता विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यांना सांगा, ८१ व्या वर्षी सवय लागायची भीती बाळगू नका. भीती बद्धकोष्ठाची बाळगा, त्याचं औषध मॉर्फिनबरोबरच सुरू करायचं असतं. एखादं हाड फारच ठणकत असेल तर तेवढ्याच जागी रेडिएशन देता येतं. पुष्कळदा एकदाच दिलेलंही पुरतं, आराम पडायला मात्र काही दिवस जातात. घरी येणारी पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं सुसह्य करणारी नर्स आणि अंघोळ वगैरे घालणारा माणूस, दोन्ही ऑन्टारियो हेल्थ ॲट होम या घरपोच सेवा देणाऱ्या सरकारी संस्थेकडे मागायचं असतं. तास कमी देतात अशी तक्रार असते. तरी मागा, आणि कमी दिले तर परत मागा. फॉर्म भरायचाच असेल तर तो ठणका उतरलेल्या दिवशी भरावा. ठणक्यात मी स्वतःची दाढही काढायला सांगितली आहे, जी नंतर चांगली निघाली.

मला या कायद्याबद्दल काय वाटतं तेही सांगून टाकते, म्हणजे माझा सल्ला कुठून येतो ते तुम्हाला कळेल. अण्णांसारख्या माणसाला शेवटचे काही आठवडे नको असतील तर त्याला तो हक्क असावा, असं मला वाटतं. आमच्याकडे मुंबईत वेगळंच चालायचं. पैसे संपले की नातेवाईक ‘डामा’वर सही करून माणसाला घरी न्यायचे. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. रुग्णाला काही विचारलेलं नसायचं. टॅक्सी लागायची, लिफ्टपाशी बायका रडायच्या, आणि या मरणावर वर्तमानपत्रात कधी चर्चा झाली नाही. त्यापुढं तुमच्या अण्णांना दोन डॉक्टर शेजारी बसून विचारणार, हे मला चांगलंच वाटतं. जिथं मी अडखळते ती जागा पुढची आहे. २०२१ मध्ये कॅनडानं हे दार ज्यांचं मरण जवळ नाही अशा आजारी आणि अपंग माणसांसाठीही उघडलं. २०२३ मध्ये अशा ६२२ जणांनी मेड घेतलं आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या नोंदीत एकटेपणा होता. एकटेपणावर औषध म्हणून हे मला मान्य नाही. २०२२ मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्यानं मदत मागायला आलेल्यांपुढं आपणहून मेडचा विषय काढल्याचं उघड झालं होतं. केवढा गहजब झाला! होणारच. न मागता विचारलेला प्रश्न कुठं लागतो ते कळायला फार शिकावं लागत नाही.

असो, अण्णांची गोष्ट ती नाही.

तुमच्या यजमानांना ‘विषय संपला’ म्हणू द्या. वडील जाणार हे त्यांना अजून ऐकू आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अण्णांनी फॉर्म तुमच्याकडे मागितला, कारण मुलाचं तोंड बघून तो मागणं त्यांना जमेना. आता तुम्ही दोघांच्या मधून बाजूला व्हा. “अण्णांना तुमच्याशी बोलायचंय, मी आणि आई दुकानात जाऊन येतो,” म्हणा आणि खरंच दोन तास जा. रात्रीची गोळी आणि रविवारची दाढी ही दोन कामं आजपासून मुलाची. गळ्याजवळ वस्तरा धरून बसलेल्या मुलाशी बाप खोटं बोलत नाही. अकराच्या पुढच्या रजाही निम्म्या त्याच्या खात्यावर पडू देत.

मिरजेचं. ऑन्टारियोत मृत्यूच्या दाखल्यावर मूळ आजार लिहितात, मेड नाही. त्यामुळे लपवायचं म्हटलं तर लपेल. पण घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे आणि तिला सगळं ठाऊक आहे. जी गोष्ट तिनं आयुष्यभर मावशी-आत्यांपासून लपवायची, ती तिला पापच वाटणार. अर्थात फॅमिली ग्रुपवर टाकून सत्तावीस जणांची मतं मागवायचीही गरज नाही. अण्णांच्या पाठचा कुणी भाऊ किंवा जुना मित्र असेल, त्याला अण्णांनी स्वतः फोन करावा. त्यांच्या तोंडून गेलं की ‘सुनेनं घालवलं’ला जागा राहत नाही.

तिकडून कुणीतरी अरुणा शानबागचं नाव काढेलच, मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ती परिचारिका, जी हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं तिथंच अंथरुणाला खिळून होती. काढलं तर एवढं सांगा: भारतात इंजेक्शन देऊन मरण आजही चालत नाही, बरी न होणारी अवस्था असेल तर अटी पाळून उपचार थांबवता येतात, आणि तसं आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली. २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली. गोव्यात तर ३१ मे २०२४ ला उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीच, एम. एस. सोनक यांनी, स्वतःचं असं ‘लिव्हिंग विल’ नोंदवलं. अरुणाच्या वेळी २०११ मध्ये न्यायालयानं परवानगी नाकारली, त्यात एक मोठं कारण केईएमच्या परिचारिका होत्या. आम्ही तिला सांभाळतो, ती आम्हाला हवी आहे, असं त्या म्हणत होत्या. कोमात... नव्हे, कोमा म्हणायचं नाही, डॉक्टर त्याला वेगळं नाव देतात. त्या अवस्थेत पडलेल्या बाईला ते ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. पण ते कुणीतरी मोठ्यानं म्हटलं होतं.

पापपुण्याचं विचारलं तर विनोबांची आठवण द्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर ८७ वर्षांच्या विनोबांनी अन्न, पाणी, औषध सगळं बंद केलं आणि १५ तारखेला गेले. त्यांच्या घराण्याला कुणी नाव ठेवलं नाही. सुई वेगळी आणि प्रायोपवेशन वेगळं, असं मिरजेच्या एखाद्या काकांनी म्हटलं तर काका बरोबर आहेत. वाद घालू नका. त्यांना म्हणा, अण्णांना फोन करा आणि पाच मिनिटं क्रिकेटवर बोला.

आता ताजं कलम. तुम्ही ते शेवटी, पेन उचलता उचलता लिहिलंत, पण मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटली. अण्णांनी मागितलं ते त्यांच्या हाडांनी मागितलं असेल. सासूबाईंना काही झालेलं नाही. त्या धडधाकट आहेत, एक गुडघा सोडून. पण नातीनं प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या हातात भाजी होती, आणि त्या दिवसापासून त्या स्वतःला मोजायला लागल्यात. चहा मागायचा नाही, गुडघ्याचं बोलायचं नाही. त्यांना कुणी फॉर्म दिलेला नाही, देणारही नाही, कायद्यात त्या बसतही नाहीत. तरी तो फॉर्म त्यांनी वाचलाय.

काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका वृद्ध जोडप्यानं राष्ट्रपतींकडे इच्छामरण मागितलं होतं. दोघंही ठणठणीत, मूलबाळ नाही, आणि उद्या अंथरुणाला खिळलो तर काय ही भीती. तेव्हा लोक हसले होते. मला हसू आलं नव्हतं. त्यांच्या घरात ‘आधी जेवून घ्या’ म्हणणारं कुणी नव्हतं.

मुलीला उत्तर आजीसमोरच द्या. “आजीला कॅन्सर नाही, गुडघा आहे. गुडघ्याला डॉक्टर असतो. पुढच्या आठवड्यात आपण दाखवतोय.” आणि खरंच अपॉइंटमेंट घ्या, त्यांना न विचारता घ्या. मुलगी पुढं विचारेल, मग आजोबांचं बरोबर आहे का. “मला माहीत नाही, मी अजून विचार करतेय” हे तिला सांगायला हरकत नाही. पंधराव्या वर्षी ते पेलतं.

आणि चार वाजता सासूबाईंना ‘चहा घेणार का’ असं विचारू नका. विचारलंत की ‘नको, उगाच कशाला’ हेच येणार. आधण ठेवा, आलं ठेचा, दोन कप गाळा आणि त्यांच्यासमोर बसा. गुडघ्याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप निघेल.